लसीनंतरच्या अँटिबॉडीचा सीमाभागातला हिशेब कुणाकडे आहे? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू

स.न.वि.वि.

बेळगाव जिल्ह्यातल्या, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या निपाणी तालुक्यात माझा छोटा दवाखाना आहे. कोरोना गेला, आता हे कशाला उकरून काढता, असं आपल्या कार्यालयात कुणी म्हणेलही. पण साथ डोक्यावर असताना कुणालाच ऐकायला सवड नसते, म्हणून आता लिहितोय.

लस घेतल्यावर आमच्या भागातल्या किती जणांच्या रक्तात अँटिबॉडी (विषाणूशी लढणारी प्रथिनं) होत्या, त्या किती महिने टिकल्या, आणि तरीही किती जणांना पुन्हा संसर्ग झाला, याचा तालुकावार आकडा मला कुठंच सापडला नाही. राज्यानं पाहणी केलीच नाही, असं नाही. सप्टेंबर 2020 मध्ये सगळ्या जिल्ह्यांत रक्ताचे नमुने घेतले गेले आणि राज्यातल्या सुमारे 27 टक्के लोकांपर्यंत संसर्ग पोहोचल्याचा निष्कर्ष निघाला. काम चांगलं होतं, शेजारच्या राज्यांनीही दखल घ्यावी असं. पण त्यात प्रत्येक घटकाच्या, म्हणजे ढोबळमानानं एकेका जिल्ह्याच्या, वाट्याला साधारण सव्वाचारशे-साडेचारशे माणसं आली. 2011 च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या पावणेअठ्ठेचाळीस लाखांच्या वर. अथणीचा ऊसपट्टा, खानापूरचं जंगल, रामदुर्गचं कोरडवाहू रान आणि आमची तंबाखूची निपाणी, सगळं त्या मूठभर नमुन्यांत. आणि ही पाहणी तर लस येण्याआधीची.

लसीनंतरचं चित्र दाखवणारी मोठी पाहणी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची), जून-जुलै 2021 ची. देशभरातल्या 70 जिल्ह्यांत 67.6 टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी मिळाल्या. लस न घेतलेल्यांत 62.3, एक डोस घेतलेल्यांत 81 आणि दोन्ही घेतलेल्यांत 89.8 टक्के. कर्नाटकातून त्यात बेंगळुरू शहर, चित्रदुर्ग आणि कलबुर्गी हे तीन जिल्हे होते. बेळगाव नव्हता.

आता आपल्या रिपोर्टवरचा अँटिबॉडीचा आकडा आमच्याकडे माणसं कसा वाचायची, ते सांगतो. विड्यांच्या एका ठेकेदारानं कोल्हापुरात खासगी लॅबमध्ये तपासणी करून आणली. रिपोर्टवर छापलेलं, 250 पेक्षा जास्त. "डॉक्टर, फुल्ल आहेत, आता मास्क कशाला?" त्या यंत्राची मोजपट्टीच 250 ला संपते, त्यापुढं किती आहे ते नमुना पातळ करून पुन्हा तपासल्याशिवाय कळत नाही, आणि दुसऱ्या कंपनीच्या किटचं एकक वेगळं असल्यानं दोन रिपोर्ट शेजारी ठेवून काही अर्थ निघत नाही, हे मी समजावलं. पटलं नाही. त्याच्याकडे विड्या वळणाऱ्या बायकांचं गणित निराळं होतं. सुई घेतली की एक दिवस अंग तापणार, त्या दिवशी हजार विड्या होणार नाहीत, मजुरी बुडणार. तरी त्यांनी घेतली. त्यांच्या रक्तात काय झालं, हे विचारायला मात्र कुणी आलं नाही.

रक्तातल्या अँटिबॉडी काही महिन्यांत ओसरतात. शरीराची स्मृती मात्र मागं राहते, म्हणून दोन डोस घेतलेला माणूस पुन्हा पॉझिटिव्ह आला तरी बहुतेक वेळा घरीच बरा झाला. डिसेंबर 2021 मध्ये ओमिक्रॉन आला तेव्हा हे आम्ही रोज पाहत होतो. (देशातले पहिले दोन रुग्ण आपल्याच राज्यात सापडले होते.) पण नुसतं पाहणं वेगळं आणि मोजणं वेगळं. मोजायचं तर किटची निवडही डोळसपणे करावी लागते. कोविशिल्डनं फक्त विषाणूच्या काट्याविरुद्ध, म्हणजे स्पाइक प्रथिनाविरुद्ध, अँटिबॉडी तयार होतात. रोग होऊन गेला असेल तर आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धही होतात. त्यामुळं कोविशिल्डवाल्याच्या रक्तात हा दुसरा प्रकार मिळाला, तर त्याला संसर्ग होऊन गेलाय असं म्हणता येतं. तो मिळाला नाही म्हणून संसर्ग झालाच नसेल, असं मात्र नाही. कोव्हॅक्सिन अख्ख्या निष्क्रिय विषाणूपासून बनलेली, तिनं दोन्ही प्रकारच्या अँटिबॉडी होऊ शकतात. तिथं ही युक्ती चालत नाही. म्हणजे नमुन्याबरोबर कोणती लस, कधी घेतली, हे नोंदवलेलं नसेल तर ती तपासणी निम्मी वाया.

आमच्याकडची खरी अडचण तर याच्याही पुढची. आमच्या कोगनोळीचा पोरगा सीमेपलीकडच्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला. पहिला डोस तिकडं कंपनीच्या शिबिरात, दुसरा इकडं प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि ताप आला की भरती कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात, कारण निपाणीहून कोल्हापूर जवळ आणि बेळगाव जवळजवळ दुप्पट लांब. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडचा माणूस उलटा, शिनोळीवरून बेळगावात येतो. यांचा संसर्ग कुठल्या जिल्ह्याच्या खात्यावर पडला? 2023 मध्ये महाराष्ट्रानं आपला दावा असलेल्या कर्नाटकातल्या 865 सीमाभागातल्या गावांना आपली आरोग्य योजना देऊ केली आणि दोन सरकारांत जुंपली. हद्द कुणाची यावर सगळे तावातावानं बोलले, रुग्णांच्या नोंदी एकमेकांना द्याव्यात यावर कुणी बोललं नाही.

ऑगस्ट 2021 आठवतोय ना? महाराष्ट्रातून येणाऱ्याला दोन डोस झालेले असले तरी 72 तासांतला आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट लागायचा. पुणे-बेंगळुरू महामार्गावरच्या कोगनोळी नाक्यावर गाड्या अडवल्या जात. लस घेतलेल्यालाही संसर्ग होतो आणि तो पसरवू शकतो, या दृष्टीनं नियमाला आधार होता, मी त्याला नावं ठेवत नाही. पण ज्या शंकेपोटी माणसं अडवली, त्या शंकेचं उत्तर शोधायला त्याच नाक्यावर पाचशे नमुने घेता आले असते. जानेवारी 2021 मध्ये आपल्या उत्तर भागासाठीची कोविशिल्ड पुण्याहून बेळगावला आली, तीही याच महामार्गानं आली असणार. तिला कुणी रिपोर्ट मागितला नाही.

बेळगावात साधनं कमी नाहीत. आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था शहरात आहे, तिथं कोरोनाच्या चाचण्या झाल्या. बिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो तर देवीच्या लशीच्या काळापासूनचं. तेव्हा माझी विनंती अशी, की राज्याच्या पाहण्यांमधली बेळगावची जी काही माहिती खात्याकडे आहे, ती वय, लस आणि तालुक्यानुसार जाहीर करावी. नमुना फार लहान असेल तर तसं स्पष्ट लिहावं, आम्ही समजून घेऊ. आणि पुढच्या साथीची वाट न बघता कोल्हापूर जिल्ह्याबरोबर एक कायमची व्यवस्था लावावी: निपाणी, चिकोडी, खानापूर, कागल, चंदगड इथल्या ठरावीक दवाखान्यांतून दर सहा महिन्यांनी थोडे नमुने, एकच किट, एकच नोंदवही. माझा दवाखाना त्यात धरा, पैसे नकोत.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावात याल तेव्हा वेळ दिलीत तर भेटायला येईन. पत्राचं उत्तर कन्नडमध्ये आलं तरी चालेल, मला वाचता येतं. रक्त देणाऱ्या बाईच्या हातातलं संमतीपत्र तेवढं मराठीतही असू द्या.

आपला,
निपाणी तालुक्यातला एक डॉक्टर