निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांचे रिव्हॉल्व्हर वेळेत जमा व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खंडेनवमीला पोलीस मुख्यालयात शस्त्रपूजन होते, तसेच साताऱ्यातील आम्हा काही निवृत्त अधिकाऱ्यांच्या देवघरापुढेही त्या सकाळी पाटावर एक रिव्हॉल्व्हर मांडलेले असते. त्यावर हळद-कुंकू, झेंडूचे फूल, आणि काडतुसे बाजूला वेगळ्या वाटीत. मी १९७९ साली फौजदार म्हणून खात्यात आलो आणि २०१२ साली निरीक्षक पदावरून निवृत्त झालो. माझ्या घरीही हे इतकी वर्षे चालत आले. हत्याराच्या या ओढीबद्दल बाहेर गैरसमज पुष्कळ आहेत आणि आम्हीही एका गोष्टीकडे डोळेझाक केली आहे, म्हणून हे पत्र.

अधिकार सोडवत नाहीत म्हणून साहेब हत्यार उशाशी ठेवतात, असे लोक म्हणतात. एखाद्याबाबत ते खरे असेलही. परंतु मला ठाऊक असलेली ओढ वेगळी आहे. आमच्या उमेदवारीच्या काळात फौजदाराच्या कमरेला ३८ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचे माप) वेब्ली बनावटीचे रिव्हॉल्व्हर असे. अंगठ्याने वरची कडी दाबून नळी पुढे झुकवली की सहाही पुंगळ्या एकदम वर उचलल्या जात. पिस्तुलात काडतूस अडकले तर वरचा भाग मागे ओढून ते बाहेर काढावे लागते. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस फुटले नाही तर नुसता पुन्हा चाप ओढायचा, चक्र फिरून पुढचे काडतूस आपोआप नळीसमोर येते. पाटण खोऱ्यात ऐन पावसाळ्यात, रात्री दोन वाजता, एक हवालदार आणि दोन शिपाई एवढ्या बळावर ज्याने गस्त घातली आहे, त्याला या साधेपणाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. पुढे ९ मिलिमीटरची पिस्तुले आली, तीही आम्ही वापरली, पण मन पहिल्या हत्यारातच राहिले.

हेही सांगितले पाहिजे की ३३ वर्षांत सरावाच्या मैदानाबाहेर मी एकही गोळी झाडली नाही. रिव्हॉल्व्हरशी माझे नाते गोळीबाराचे नव्हतेच, ते रोजच्या नेमाचे होते. बंदोबस्त संपला की काडतुसे मोजून द्यायची, नळीतून तेलाची चिंधी फिरवायची, नोंदवहीत सही करायची आणि मगच घरी जायचे. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी मी पोवई नाक्यावर भाजी आणायला गेलो, तेव्हा माझा उजवा हात दोनदा कमरेकडे गेला आणि तिथे काहीच नव्हते.

सरकारी हत्यार निवृत्तीच्या दिवशी परत जाते. ३८ बोअर प्रतिबंधित असल्याने सामान्य परवान्यावर ते मिळत नाही. त्यामुळे आमच्यातले बहुतेक जण जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून कानपूरच्या सरकारी कारखान्यातले ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर घेतात. त्यात गैर काहीच नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना ५ वर्षांचा झाला आणि एका परवानाधारकाकडे जास्तीत जास्त दोनच हत्यारे राहू शकतात, एवढी माहिती आम्हाला असते. मात्र माणूस थकला, विसरू लागला किंवा गेला, तर त्या कपाटातल्या हत्याराचे काय करायचे, हे आम्ही घरात कुणालाही सांगून ठेवत नाही.

माझे एक जुने सहकारी काही वर्षांपूर्वी वारले. तेराव्यानंतर वहिनींचा फोन आला, "भावजी, ह्यांचं ते कपाटात तसंच आहे, मला तर हात लावायचीही भीती वाटते." मी गेलो. धोतराच्या घडीखाली कातडी म्यान, त्यात भरलेले रिव्हॉल्व्हर, आणि परवान्याची मुदत संपून आठ महिने झालेले. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे हत्यार बाळगणे कायदेशीर राहिले नाही, की विनाविलंब ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वहिनींना हे कुणी सांगितले नव्हते. त्यांच्या यजमानांनीही नाही. मी चक्र रिकामे केले आणि त्यांना घेऊन ठाण्यात गेलो. ज्या ठाण्यात त्यांच्या यजमानांना कडक सलाम मिळाला होता, तिथे त्या माउलीला दोन तास बाकावर बसवून, इतके दिवस हत्यार का लपवले, असे विचारण्यात आले. विचारणारा मुलगा तरुण होता आणि नियमाला धरूनच विचारत होता, हे मला कळत होते. तरीही वहिनींचा चेहरा मी विसरू शकत नाही.

गेल्या वर्षी माझ्याच घरी जे घडले, ते सांगायला संकोच वाटतो, पण ते लपवून हे पत्र लिहिण्याचा मला अधिकार नाही. पूजेच्या आदल्या दिवशी मी रिव्हॉल्व्हर साफ करायला बसलो होतो. अलीकडे माझी बोटे थरथरतात. चिंधी फिरवून झाल्यावर काडतुसे मोजली, तर ती पाचच भरली. पुन्हा मोजली, तरी पाचच. सहावे माझ्या हातून घरंगळून दिवाणाखाली गेले होते आणि ते पाच वर्षांच्या नातवाच्या मुठीत सापडले. रिव्हॉल्व्हर माझ्यासमोर होते, अपघात काही झाला नाही. पण ज्या माणसाने ३३ वर्षे काडतुसे मोजून दिली, त्याला आपल्या हातून एक सुटल्याचे कळले नव्हते.

२०१६ च्या शस्त्र नियमांत यावर वाट आहे. परवानाधारकाची वयाची ७० वर्षे पूर्ण झाली, किंवा हत्यार २५ वर्षे त्याच्याकडे असले, तर हयातीतच ते कायदेशीर वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. वारस पात्र असला पाहिजे आणि त्याला स्वतःचा परवाना मिळाला पाहिजे. माझ्या मुलाला हत्यार नको आहे, म्हणून मी माझे जमा करण्याचा अर्ज दिला आहे. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की हात स्थिर आहेत तोवर त्यांनीही हा निर्णय स्वतः घ्यावा. हत्यार गेले की पोलीसपण गेले, असे काही जण मला म्हणाले. आपल्याच जिल्ह्यातील, जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याच्या एके-४७ पुढे गेले, तेव्हा त्यांच्या हातात फक्त लाठी होती.

जिल्हा पोलीस दलाकडेही माझे मागणे आहे. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देताना अधिकाऱ्याच्या पत्नीला किंवा मुलांना जवळ बसवून, घरात हत्यार असेल तर पुढे काय करायचे, हे मराठीत छापलेल्या एका कागदावर समजावून द्यावे. वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या आधी, निवृत्तांची हत्यारे मुख्यालयात तपासून द्यावीत. जो हत्यार जमा करायला येईल त्याचे ते शस्त्रागारातल्या अंमलदाराने रीतसर मोजून घ्यावे आणि पावती हातात द्यावी. आणि त्याच्या माघारी त्याची पत्नी ते घेऊन आली, तर तिला आधी खुर्ची द्यावी व चौकशी नंतर करावी.

आपला,
एक निवृत्त पोलीस निरीक्षक, सातारा