कॉफीच्या पाकिटावर भाजल्याची तारीख हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

धरमपेठ, रामदासपेठ, सदर या भागांत आता कॉफीच्या अख्ख्या बिया सहज मिळतात. घरी ग्राइंडर घेऊन रोजच्या रोज दळणारी तरुण मंडळी माझ्या ओळखीत बरीच आहेत आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण या बिया घरात ठेवायच्या कशा, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. उन्हाळा तोंडावर आला आहे. नागपूरचा उन्हाळा कॉफीच्या बियांना फार वाईट, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे बालपण अजनीच्या रेल्वे कॉलनीत गेले. शेजारी तामिळ कुटुंब होते. त्या घरातल्या अम्मा हाताने फिरवायच्या छोट्या चक्कीवर सकाळी लागतील तेवढ्याच बिया दळायच्या आणि पितळी फिल्टरमध्ये डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा घट्ट अर्क, लावायच्या. पाहुणे आले तर पुन्हा दळायच्या, पण आदल्या दिवशी दळून ठेवलेली पूड त्यांच्या घरी मी कधी पाहिली नाही. त्यामागचे कारण त्यांनी एका वाक्यात सांगितले होते : "वास निघून गेला की उरतो तो नुसता कडूपणा."

शास्त्रही तेच सांगते. कॉफीची हिरवी बी २०० अंशांच्या आसपास भाजली जाते, तेव्हा तिच्यात सुगंधी द्रव्ये तयार होतात आणि कार्बन डायऑक्साइड वायू कोंडला जातो. भाजल्यानंतर हा वायू हळूहळू बाहेर पडत राहतो. चांगल्या पाकिटावर बटणासारखी एक छोटी झडप असते ती यासाठीच. आतला वायू तिच्यातून बाहेर जातो, बाहेरची हवा मात्र आत येत नाही. वायू संपत आला की प्राणवायू आपले काम सुरू करतो. सुगंध उडतो आणि बीतले तेल खवट होऊ लागते. गडद भाजलेल्या बियांचे तेल पृष्ठभागावर आलेले असते, त्यामुळे त्या आणखी लवकर बिघडतात. दळलेल्या कॉफीचे तर विचारूच नका. शेंगा फोडून दाण्याचे कूट करून ठेवले की ते किती लवकर खवट होते, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. पुडीचेही तसेच होते. अख्खी बी काही आठवडे टिकते, पूड काही दिवसांतच उतरते.

आता नागपूरकडे येते. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. स्वयंपाकघरात गॅसच्या वरचे फडताळ, पश्चिमेच्या भिंतीला लागलेले कपाट आणि स्लॅबखालचा माळा या घरातल्या सगळ्यांत तापलेल्या जागा, आणि नेमक्या तिथेच आपण डबे रचतो. दुसरी गोष्ट कूलरची. कूलरची खोली गार, म्हणून बरणी तिथे ठेवावी असे पुष्कळांना वाटते. पण कूलर हवा गार करतो तो पाणी उडवून. त्या खोलीत पापड, कुरडया सादळतात हे आपण दरवर्षी पाहतो. भाजलेल्या बीत पाणी नावापुरतेच उरलेले असते, त्यामुळे ती हवेतली ओल पटकन ओढून घेते. कूलरसमोर उघडझाप होणारी कॉफीची बरणी पंधरा दिवसांतच निस्तेज होते.

मग फ्रिज? तोही नको. चिरलेला कांदा, लसणाची चटणी, सांबार, उरलेला रस्सा या सगळ्यांच्या शेजारी कॉफी ठेवली की ती त्यांचे वास घेते. शिवाय गार बरणी बाहेर काढून उघडली की बाहेरच्या गरम हवेतली वाफ बियांवर थेंब होऊन बसते. रोज सकाळी असे झाले तर बियांचे काय होणार!

फ्रीझरचे मात्र वेगळे. नीट वापरला तर तो खरोखर उपयोगी आहे. आठवडाभर पुरतील एवढ्या बियांच्या छोट्या पिशव्या कराव्यात, हवा दाबून काढावी, घट्ट बंद करून एका हवाबंद डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवून द्याव्यात. एक पिशवी बाहेर काढली की ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, आणि एकदा उघडली की परत आत ठेवू नये. माझा मुलगा बंगळुरूहून येताना चिकमगळूरच्या बिया आणतो. त्या मी उन्हाळ्यात अशाच ठेवते आणि जूनमध्ये दळल्या तरी त्यांना वास असतो.

रोजच्या वापराच्या बियांसाठी एवढा खटाटोप लागत नाही. झडपेचे मूळ पाकीट वरून घट्ट दुमडावे आणि रबरी रिंग असलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवावे. डबा मधल्या खोलीत, खालच्या कप्प्यात, अंधारात असावा. काचेची बरणी बंद कपाटात चालेल, ओट्यावर शोभेला नको. डबा मोठा आणि बिया मूठभर असेही करू नये, कारण उरलेली जागा हवाच भरून काढते. माझ्या घरातला हिशेब सांगायचा तर हिवाळ्यात महिनाभर आणि उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे पुरेल एवढेच आणावे.

पण घरात कितीही काळजी घेतली तरी दुकानातच जुन्या झालेल्या बियांना काय करणार? माझे खरे म्हणणे इथे आहे. शहरातल्या एका दुकानात बिया मोठ्या काचेच्या बरण्यांत भरून शोकेसमध्ये ठेवल्या होत्या. दुपारचे ऊन थेट त्यांच्यावर पडत होते. दिसायला सुंदर, पण तळहातावर घेतल्या तर जुन्या तेलाचा वास. भाजल्या कधी, असे विचारले तर उत्तर मिळाले, "काकू, माल फ्रेश आहे, परवाच पॅक केला." पॅक केव्हा केला आणि भाजला केव्हा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन महिने पोत्यात पडून राहिलेली भाजलेली बी परवा पाकिटात भरली म्हणून ताजी होत नाही.

कॉफीत चिकोरी (एका वनस्पतीची भाजून दळलेली मुळी) मिसळली असेल तर दोन्हींचे प्रमाण टक्क्यांत पाकिटावर छापणे आपल्या कायद्याने सक्तीचे आहे. ग्राहकाला आत काय आहे हे कळायला हवे, म्हणूनच ना? मग बी भाजली कधी, हेही त्याला कळायला हवे. अनेक चांगले रोस्टर, म्हणजे बिया भाजून विकणारे, आपणहून ही तारीख छापतात. नागपुरात सुटी विक्री करणाऱ्यांना निदान पेनाने तरी ती लिहिता येईल. ग्राहकांनीही भावाच्या आधी तारीख विचारावी. अगदी कालची तारीख असली तरच उत्तम असे नाही. भाजल्यावर तीन-चार दिवस, आठवडाभर बी मुरू दिली तर डिकॉक्शन जास्त चांगले उतरते. घरी ताजेपणा ओळखायची सोपी खूण अशी : पुडीवर गरम पाणी ओतले की ताजी पूड फुगते, बुडबुडे येतात. शिळी तशीच बसून राहते.

ही काही दूरच्या मुलखाची चैनीची वस्तू नाही. आपल्या विदर्भात, चिखलदऱ्याच्या थंड डोंगरावर कॉफी पिकते. पिकलेली लाल फळे माणसे एकेक करून हाताने तोडतात. पुढे ती सोलणे, वाळवणे, निवडणे, भाजणे. इतक्या हातांचे काम शोकेसच्या उन्हात वाया जावे याचे मला फार वाईट वाटते.

शहरातल्या कॉफी विक्रेत्यांना माझी विनंती आहे. बरण्या शोकेसमधून काढून आतल्या बाजूला घ्या, भाजल्याची तारीख लिहा, आणि एप्रिल ते जून एवढे तीन महिने तरी पाव किलो, अर्धा किलोसोबत १०० ग्रॅमची झडपेची पाकिटेही ठेवा. किलोमागे भाव थोडा जास्त पडला तरी आम्ही देऊ.

आपली,
एक सेवानिवृत्त शिक्षिका,
लक्ष्मीनगर, नागपूर