“एमबीत काय लिहू?” : वाड्यांच्या लाकूडकामाबद्दल सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : राज्य संरक्षित वाड्यांमधल्या जुन्या लाकूडकामाची दुरुस्ती आणि तिचं मोजमाप.

सप्रेम नमस्कार.

मी सुतार आहे. नवं फर्निचर करणं सोडून बरीच वर्षं झाली. आता जुन्या वाड्यांचं आणि देवळांचं लाकूड, एवढंच काम. कुजलेल्या खांबाचा पाय बदलायचा, कडीपाटाची (कड्यांवर फळ्या टाकून केलेल्या छताची) फळी उतरवून परत चढवायची, महिरपीचं तुटलेलं पान कोरून जोडायचं. सरकारी कामं माझ्याकडे ठेकेदाराकडून, कधी त्याच्याही पोटठेकेदाराकडून येतात. कागदावर माझं नाव कुठेच नसतं, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितोय.

एका संरक्षित वाड्यातली गोष्ट सांगतो. गाव सांगत नाही, तिथल्या माणसांना उगाच त्रास नको. माडीखालची सागवानी तुळई, चौदा फूट लांब, नऊ इंच बाय नऊ इंच. भिंतीत शिरलेलं तिचं एक टोक दीड फूट कुजलेलं होतं. कारण उघड होतं. आधीच्या कुठल्या तरी दुरुस्तीत त्या कोनाड्यात चुन्याऐवजी सिमेंट ठासलं होतं. चुना ओल घेतो आणि सोडतो. सिमेंटमध्ये अडकलेली ओल लाकडातच मुरते, आणि पावसाळ्यामागून पावसाळे गेले की टोक भुसभुशीत होतं. उरलेली साडेबारा फूट तुळई मात्र ठणठणीत होती. हातोडीनं वाजवून पाहिली, टोचा मारून पाहिला. टोचा दोन दोऱ्यांपलीकडे जाईना.

अशा ठिकाणी करायचं काय, हे आमच्यात नवीन नाही. खालून टेकू द्यायचे, कुजलेला भाग कापायचा आणि तिथे त्याच जातीच्या सुक्या लाकडाचा तुकडा तिरपी सांध घेऊन जोडायचा. सांध तुळईच्या जाडीच्या तिप्पट तरी लांब हवी. दोन्ही तोंडं एकमेकांत अडकतील अशी खाच, मधे घट्ट करायला पाचर, आडव्या लाकडी खुंट्या. भिंतीजवळ तुळईला वाकवणारा जोर कमी असतो, म्हणून तिथे हा जोड धरतो. कूज तुळईच्या मधोमध असती तर मी स्वतःच असा जोड दिला नसता. दोन माणसांचं नऊ-दहा दिवसांचं काम.

अंदाजपत्रकात दोन बाबी होत्या. जुनं लाकूडकाम काढून टाकणं आणि नवीन सागवान पुरवून बसवणं, दर घनमीटरवर. तिथल्या कनिष्ठ अभियंत्याला मी सगळं दाखवलं. माणूस चांगला होता, शिडीवर चढून टोचा स्वतः मारून पाहिला. खाली उतरून म्हणाला, “मिस्त्री, तुमचं पटतंय. पण एमबीत काय लिहू?”

साहेब, या एका प्रश्नासाठी मी हे पत्र लिहायला बसलो.

एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. झालेलं काम तीत मोजून लिहायचं, त्यावरून बिल निघतं. तीत तो माझं काम लिहिणार कसं? तुळई बदलली तर पाव घनमीटरच्या आत-बाहेर सागवान लागलं असं लिहिता येतं. टोक जोडलं तर प्रत्यक्ष लागलेलं नवं लाकूड भरतं जेमतेम ०.०४ घनमीटर. त्या दरानं ठेकेदाराला जे मिळेल त्यात आमची दोन दिवसांची मजुरीही सुटत नाही. म्हणजे जितकं जास्त मोडाल तितकं बिल मोठं आणि जितकं वाचवाल तितका तोटा. ठेकेदाराला मी दोष देत नाही, त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं. अभियंत्यालाही नाही. अंदाजपत्रकाबाहेर काही लिहिलं असतं तर लेखापरीक्षणात त्याच्याच नावावर वसुली निघाली असती.

तुळई उतरवली. नवी आली ती फेब्रुवारीत, करवतीखालून थेट, हाताला गार लागणारी. लाकूड मोकळ्या हवेत वाळवायचं तर जाडीच्या दर इंचाला साधारण वर्ष, असा आमच्याकडचा जुना हिशेब. नऊ इंची तुळईचा हिशेब तुम्हीच मांडा. पण कार्यारंभ आदेश जानेवारीतला होता आणि पैसे मार्चअखेर खर्ची पडायचे होते. मेच्या उन्हात तुळईला बोट जाईल एवढी भेग पडली. पीळ भरला, वरच्या कड्या एका बाजूला उचलल्या गेल्या आणि कडीपाटाच्या फळ्यांमधून माती गळायला लागली. जुनी तुळई जुन्या बाजारात गेली. तिची म्हणे कुठल्याशा हॉटेलात टेबलं झाली. म्हणजे शंभराहून जास्त उन्हाळे पचवून सुकलेलं सागवान आपण विकलं आणि त्या जागी ओलं विकत घेतलं. खरं तर वाड्याच्या दुरुस्तीला दुसऱ्या पडलेल्या वाड्याच्या लाकडाइतकं चांगलं लाकूड कुठलंच नाही. शहरोशहरी पुनर्विकासात वाडे पडतायत, त्यांचं सागवान व्यापारी ट्रक भरून नेतात. त्यातलं निवडक लाकूड खात्यानं घेऊन ठेवलं तर दहा वर्षांची चिंता मिटेल. शिवाय आपल्याच राज्यात चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल आहे. २०२३ साली तिथलंच सागवान अयोध्येच्या मंदिरासाठी वाजतगाजत गेलं. त्यातले थोडे ओंडके दरवर्षी चिरून, थप्पी लावून, वाड्यांसाठी सावलीत वाळत ठेवता येणार नाहीत का? त्याला नवा कायदा लागत नाही, एक शेड लागते आणि थोडा धीर लागतो.

“लाकूड टिकत नाही हो, लोखंडी गर्डर टाका,” हेही मी साईटवर पुष्कळदा ऐकतो. असं म्हणणाऱ्यांना मी कार्ल्याला पाठवतो. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षांच्या. मावळातला पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. त्या टिकल्या कारण डोक्यावर दगडाचं छप्पर आहे आणि अंगाला वारा लागतो. लाकडाला मारतं ते कोंडलेलं पाणी. (आगही मारते, हे मान्य. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीनंतर शनिवारवाड्यात काय उरलं ते पुण्यात जाऊन कुणीही पाहावं : तटबंदी, दरवाजे आणि चौथरे. म्हणूनच संरक्षित वाड्यांच्या तुळयांवर खिळे ठोकून लोंबत सोडलेल्या वायरी दिसल्या की माझ्या पोटात गोळा येतो. पण तो वेगळ्या पत्राचा विषय.)

कोरीव कामाचं तर आणखी वाईट. तुळई बदलली तर निदान भार तरी पेलला जातो. लाकडात कोरलेलं केळफूल किंवा सुरूच्या झाडासारख्या निमुळत्या खांबाची घडण एकदा घासली गेली की संपली. एका ओसरीवर मी पाहिलं, ऑइलपेंटचे पाच-सहा थर काढायला ग्राइंडर लावला होता. थर निघाले, त्यांच्यासोबत पाकळ्यांच्या कडाही. दुसरीकडे कॉस्टिक सोडा लावून रंग उतरवला, नीट धुतलं नाही, सागाचा रंग काळवंडला आणि वरचे तंतू लोकरीसारखे सुटले. रंग काढायची बाब ‘चौरस मीटर’मध्ये असते. सपाट फळीचा चौरस मीटर आणि गणेशपट्टीचा, म्हणजे दारावरच्या कोरीव पट्टीचा, चौरस मीटर यांना दर एकच. मग ग्राइंडरच येणार, दुसरं काय? गणेशपट्टी साफ करायची तर गरम हवेनं रंग हळूहळू मऊ करावा लागतो आणि लाकडाच्याच बोथट काड्यांनी कोपऱ्यातून उकरावा लागतो. दिवसाला वीतभर झालं तरी खूप. त्या थरांखाली कधीकधी मूळ रंग सापडतो. तो सापडला तर थांबायचं असतं. पण थांबण्याचे पैसे कुठल्या बाबीत टाकणार?

यंत्राला माझा विरोध नाही. ओंडका चिरायला बँडसॉ मीही वापरतो, वाकस घेऊन बसत नाही. पण हल्ली हरवलेल्या तुकड्याच्या जागी सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, कोरलेला तुकडा बसवतात. फिरणारं पातं गोल असतं, त्यामुळे आतला कोपरा कधी धारदार निघत नाही. पटाशीचा कोपरा काटेकोर असतो. आणि डावं केळफूल उजव्याची हुबेहूब नक्कल नसतं. जुन्या मिस्त्रीनं दोन्ही वेगळी कोरलेली असतात. यंत्रावर एकच फाइल बारा वेळा चालते. बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

मी मागतोय ते जगावेगळं नाही. वारसास्थळांच्या जतनासाठी काम करणाऱ्या इकोमॉस या जागतिक संस्थेच्या महासभेनं १५ डिसेंबर २०१७ रोजी लाकडी वारशाच्या जतनाची तत्त्वं मंजूर केली, आणि तीही आपल्या दिल्लीत. शक्य तितकं कमी बदला, बदलायचं तर त्याच जातीचं लाकूड घ्या, नव्या तुकड्यावर न खुपेल अशी खूण करा, हे सगळं त्यात आहे. जपाननं १९७५ मध्ये कायदा सुधारून अशी दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांचं कसबच जतन करायची सोय केली. आपल्याकडे २०२३ पासूनची पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्या अठरा व्यवसायांत सुतार आहे, अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात, प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं. वाईट नाही. पण पाच-सात दिवसांत पोरगा पटाशीला धार लावायला शिकला तरी खूप म्हणायचं. तुळईचं टोक जोडायला त्याला दोन-तीन वाड्यांवर माझ्यासारख्याच्या हाताखाली राहावं लागेल, आणि तेवढे दिवस त्याच्या घरी चूल पेटायला हवी. मंजूर कामावर एक शिकाऊ सुतार पगारी ठेवायची अट निविदेत का नसावी?

आता मूळ मागणी. जुन्या लाकडाच्या दुरुस्तीसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब हवी, आणि तिचा दर घनमीटरवर नको, कुशल कारागिराच्या दिवसांवर हवा. खातं विचारेल, दिवस खोटे लावले तर? रास्त शंका आहे. त्यावर माझ्याकडे तोडगा आहे. काम सुरू होण्याआधी प्रत्येक तुळईची, खांबाची, चौकटीची एकेक पत्रिका करावी. तीत लांबी-रुंदी, टोचा कुठे किती खोल गेला, वाजवल्यावर आवाज भरीव की पोकळ, कूज आणि वाळवी कुठे, आणि शेजारी साधं चित्र. काय करायचं तेही त्यातच : ठेवायचं, ठिगळ द्यायचं, टोक जोडायचं की बदलायचं. ‘बदलायचं’ लिहिलं तर का, याची एक ओळ सक्तीची. सांध मिटवण्याआधी अभियंत्यानं आतला जोड डोळ्यांनी पाहून सही करावी आणि फोटो काढावा. मग ती पत्रिकाच एमबीला जोडा. लेखापरीक्षकाला आजच्यापेक्षा जास्तच कागद मिळतील.

उतरवलेलं लाकूडही या पत्रिकेच्या क्रमांकानं परत मोजून घ्यावं. ते भंगार म्हणून लिलावात जाता कामा नये. त्याच वाड्याच्या दाराला, कडीला, ठिगळाला ते आधी वापरावं.

एका वाड्यावर करून पाहा, पुढचं नंतर ठरवू. मोठा नको, दोन चौकांचा वाडा पुरे. कार्यारंभ आदेश मात्र दिवाळीनंतर लगेच द्या आणि मुदत दोन उन्हाळ्यांची ठेवा. एका मार्चमध्ये ते बसणार नाही.

त्या चौदा फुटी तुळईचं कापलेलं तीन फुटांचं टोक जुन्या बाजारातून मी परत विकत आणलं. माझ्या शेडमध्ये आहे. त्याच्या वरच्या अंगाला, कड्यांखाली झाकलेल्या जागी, जुन्या मिस्त्रीनं पटाशीनं तीन तिरप्या रेघा मारल्यात. ही तिसऱ्या खणाची तुळई, अशी त्याची खूण. आपल्या खात्यातल्या कुणाला पाहायची असेल तर यावं. येताना ते अंदाजपत्रकही आणावं, तुळईशेजारी ठेवून वाचू.

आपला नम्र,
एक सुतार