घंटी वाजवावी, पण जरा लांबून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंधरवड्यापूर्वी जंगली महाराज रस्त्यावरच्या सायकलमार्गावर माझ्या हातून अपघात होता होता राहिला आणि चूक माझीच होती, म्हणून हे पत्र. सकाळी सातच्या सुमारास माझ्याच वयाचे, म्हणजे सत्तरीला टेकलेले एक गृहस्थ पदपथावरून चालता चालता सायकलमार्गात आले होते. मी त्यांच्यापासून दोन हातांवर पोहोचल्यावर घंटी वाजवली. ते दचकले, कोण आले म्हणून उजव्या खांद्यावरून मागे पाहू लागले आणि पाहता पाहता उजवीकडेच सरकले. मी नेमका तिथूनच निघणार होतो. ब्रेक लागले, पण त्यांच्या हातातली दुधाची पिशवी पडून फुटली. मी नवी आणून देऊ लागलो तर त्यांनी ती घेतली नाही. "वाजवलीत ते बरं केलंत, पण जरा आधी वाजवायची," एवढेच म्हणाले.

त्यानंतर मी थोडा हिशेब केला. ताशी १५ किलोमीटर हा सायकलचा काही फार वेग नव्हे, तरी त्या वेगात आपण दर सेकंदाला चार मीटरांहून अधिक अंतर कापतो. चालणारा ताशी पाच किलोमीटरने चालत असेल, तर दहा मीटरांवरून वाजवलेल्या घंटीमुळे त्याला सुमारे साडेतीन सेकंद मिळतात; दोन हातांवरून वाजवली तर अर्धा सेकंदही मिळत नाही आणि तो बिचारा बाजूला होण्याऐवजी आडवा येतो. घंटी लांबून, एकदाच आणि हलकेच वाजवावी, वेग कमी करावा, आणि समोरच्याने ऐकल्याचे दिसेपर्यंत पुढे काढू नये. हल्लीच्या महागड्या गिअरच्या सायकलींना पुष्कळदा घंटीच नसते आणि मग "साइड, साइड" असा पुकारा होतो, तो तर हमखास दचकवणारा.

पुण्यात सायकलला महापालिकेचा बिल्ला लागत असे आणि रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसले की पोलीस अडवत, हे माझ्या पिढीला चांगले आठवते. ती शिस्त धाकामुळे होती हे खरे, पण दिव्यावाचून अंधारात पायी माणसाच्या अंगावर जाणे हा गुन्हा आहे, एवढे तरी मनात पक्के बसले होते. आज सायकल पर्यावरणाची मित्र झाल्यामुळे सायकलस्वाराला सगळे माफ, अशी काहीशी समजूत दिसते.

चालणाऱ्यांची बाजूही निर्दोष नाही. चौघे मित्र पदपथ सोडून सायकलमार्गातच ओळीने गप्पा मारत चालतात, दोन्ही कानांत इअरफोन असतात, कुत्रा एका कडेला, मालक दुसऱ्या कडेला आणि मध्ये ताणलेला पट्टा असतो; हा पट्टा तर तिन्हीसांजेला दिसतही नाही. तरीही माझे मत असे, की जागा सामाईक असेल तिथे अधिक जबाबदारी सायकलस्वाराचीच. त्याला पुढचा माणूस दिसत असतो. पुढच्याच्या पाठीला डोळे नसतात. शिवाय तिथे लहान मुले असतात, काठी टेकत चालणारे असतात आणि पिवळ्या खाचांच्या फरशीवरून अंदाज घेत जाणारे दृष्टिहीन नागरिकही असतात. विनाअडथळा पदपथ हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि त्या अडथळ्यांत माझ्या सायकलची गणना होऊ नये, असे मला वाटते.

या दोघांना एकमेकांच्या अंगावर ढकलतो तो खरा तिसराच. सायकलमार्गावर दुचाकी उभ्या असतात, हातगाडी लागते, सिग्नलला कंटाळलेला एखादा स्कूटरवाला सरळ आत घुसतो. मोटार वाहनांना पदपथ आणि सायकलमार्ग या दोन्हींवर नियमाने मनाई आहे, पण तसे कोणी अडवताना मी तरी पाहिलेले नाही. मग सायकलवाला पदपथावर चढतो, चालणारा सायकलमार्गात उतरतो आणि भांडण मात्र या दोघांतच जुंपते.

पुणे महापालिकेने २०१७ मध्ये शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यातले नवे मार्ग होतील तेव्हा होतील. आहेत त्या मार्गांवर तूर्त दोन गोष्टी थोड्या खर्चात होण्याजोग्या आहेत. नुसत्या फरशीच्या रंगावरून कोणता पट्टा कोणाचा हे नवख्याला कळत नाही, म्हणून ठरावीक अंतरावर सायकलचे आणि चालणाऱ्या माणसाचे ठळक चित्र रंगवावे. आणि बसथांबे, बागांची फाटके, मुलांची खेळणी जिथे आहेत तिथे "सायकल सावकाश" अशी पाटी, शक्य तर पायाला आणि चाकाला दोघांनाही जाणवेल अशी खडबडीत पट्टी असावी. संबंधित अधिकाऱ्यांनी एखाद्या रविवारी सकाळी आधी पायी आणि मग सायकलवरून त्याच रस्त्याने फेरी मारली, तर त्या पट्ट्या नेमक्या कुठे हव्यात हे त्यांना सांगावे लागणार नाही.

आपला,
एक ज्येष्ठ सायकलस्वार, पुणे