पोच

प्रिय अव्या,

तुझं पत्र मिळालं. पोच द्यायला तीन आठवडे लागले, हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण वर्गात इंटरनेट शिकवताना तू फळ्यावर कोळ्याचं जाळं काढलंस, ते काही मला पटलं नाही. जाळं एकटा कोळी विणतो आणि मधोमध ठाण मांडून बसतो. इथे कोळीच नाही. १९६९ च्या अखेरीस अमेरिकेत चार ठिकाणचे संगणक जोडलेले होते, तीन ठिकाणं कॅलिफोर्नियात, एक युटात. पुढे ज्याला जमलं त्याने आपापला धागा आणून बांधला. वडाच्या पारंब्या म्हणशील, तर त्या सगळ्या एकाच झाडाच्या!

मला विचारशील तर मुंग्या काढ.

त्याआधी १९८६ चा ऑक्टोबर ऐक. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत जेमतेम चारशे यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला माहिती जाण्याचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं. आपले पोस्टमनकाका बरे. संगणक माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून पाठवतात, आणि पाकीट मिळालं की पलीकडचा संगणक पोच देतो. झालं असं, की पाकिटाची पोच वेळेत आली नाही की संगणक तेच पाकीट पुन्हा पाठवायचा. सगळेच तसं करू लागले आणि कोंडी आणखी घट्ट झाली. व्हॅन जेकबसन या संगणकशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये त्यावरचा उपाय मांडला: आधी थोडी पाकिटं सोडा, पोच येईल तशी वाढवा, एखादं हरवलं की हात आखडता घ्या. चौकात हवालदार उभा करावा लागला नाही, म्हणून तर पुढची अफाट वाढ पेलली.

आता स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जीवशास्त्रज्ञ डेबोरा गॉर्डन अभ्यासतात त्या मुंग्या. वाळवंटात बी वेचणाऱ्या. उन्हात हिंडायचं म्हणजे अंगातलं पाणी घालवायचं, म्हणून वारुळातली मुंगी उगाच बाहेर पडत नाही. बी घेऊन परतलेल्या मुंग्या भेटल्या की ही निघते. त्या भराभर आल्या तर जाणाऱ्याही भराभर जातात, त्या रेंगाळल्या तर ह्याही थांबतात. संगणकशास्त्रज्ञ बालाजी प्रभाकर यांनी हा हिशेब पाहिला, तर पाकिटं-पोचांचाच! २०१२ मध्ये त्यांनी तो मांडला, आणि गमतीने नाव पडलं 'अँटरनेट'.

आपल्या ओट्यावरच्या मुंग्यांचं तंत्र निराळं हं, त्या वासाने वाट आखतात. काल गुळाच्या डब्याकडे जाणारी रांग मी ओल्या बोटाने मधेच पुसली. दोन्हीकडच्या मुंग्या तिथे येऊन गोंधळल्या, गोल फिरल्या. चहा उकळेपर्यंत डब्याला वळसा घालून नवी रांग लागलीसुद्धा. हिने मात्र डबाच पाण्याच्या ताटलीत ठेवला.

एक गोष्ट मुंग्यांतही बसत नाही. ज्या वडापावच्या गाडीवर गर्दी, तिथेच आणखी गर्दी. वेबची पानंही तशीच जोडली जातात, ज्या पानाकडे आधीच खूप दुवे तिकडेच आणखी दुवे, हे १९९९ मध्ये बाराबाशी आणि आल्बर्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यासाठी फळ्यावर गाडी काढ, पोरं खूश होतील.

वहिनींना नमस्कार. पोच लगेच दे. ती येईपर्यंत माझं पुढचं पाकीट वारुळातच.

तुझा,
बंड्या