सिस्टर, त्या रात्री तुम्ही हात काढला नाहीत

प्रिय सिस्टर,
सादर नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. घरी सोडलं त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, "नाव कशाला माय, ड्यूटी होती." ड्यूटी माझ्या पहिल्या बाळंतपणातही कुणाची तरी होतीच. म्हणून दोन्हींतला फरक मला चांगला कळतो, आणि तो चारचौघांत सांगावा म्हणून हे पत्र.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. दवाखाना कुठला ते सांगत नाही. आईला दाराबाहेर बसवलं होतं. कळ आली आणि आवाज निघाला की मांडीवर चापट बसायची, वर एक टोमणा. तो या राज्यातल्या कितीतरी बायकांनी ऐकला असेल, मी इथे लिहिणार नाही. मुलगा सुखरूप झाला, सगळे म्हणाले, आता विसर. मी विसरले नाही. पुन्हा दिवस गेले तेव्हा मला कळांची धास्ती नव्हती, त्या टेबलावर एकटं पडण्याची होती.

या वेळी सासरी, रत्नागिरी जिल्ह्यात होते. अंगावरून पाणी गेलं तेव्हा बाहेर कोकणातला पाऊस कोसळत होता. आशाताईंनी १०२ची गाडी बोलावली आणि आम्ही उपजिल्हा रुग्णालयात पोहोचलो. तुमचा पहिला प्रश्न होता, "सोबत कोण आहे? त्यांना आत घ्या." सरकारी रुग्णालयात बाळंतिणीसोबत घरची एक बाई राहू शकते, हे केंद्र सरकारने २०१६ मध्येच मान्य केलेलं आहे. मला ते तुमच्याकडून कळलं. सासूबाई आत आल्या आणि शेवटपर्यंत उशाशी राहिल्या.

मग तुम्ही म्हणालात, "आतून तपासायचंय, चालेल ना? ही कळ ओसरू दे, मग बघते." आणि खरोखरच कळ ओसरेपर्यंत थांबलात. पिशवीचं तोंड किती उघडलंय ते मला सांगितलंत, सासूबाईंना नव्हे. बाळाचे ठोके मोजताना मलाही ऐकू येतील असे लावलेत. पुढे रात्रभर कुठलीही सुई, कुठलाही हात मला न सांगता लागला नाही. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती.

कळा लांबल्या. तुम्ही मला चालवलंत, डाव्या कुशीवर झोपवलंत, चहा पाजलात, कमरेवर तळहात दाबून उभ्या राहिलात. पहाटेच्या आधी मुलगी झाली. लगेच माझ्या मांडीत गर्भाशय आवळण्यासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, लेक माझ्या छातीवर. वार पडली, ती तुम्ही उजेडात धरून पूर्ण आहे ना ते पाहिलंत. सासूबाईंनी देवाला हात जोडले. आणि तेवढ्यात तुमचा चेहरा बदलला.

गर्भाची पिशवी आवळत नव्हती. वार सुटली की तिच्या जागेच्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात आणि पिशवीचे स्नायू आवळले तरच त्या बंद होतात, हे मी नंतर समजून घेतलं. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. म्हणजे तुमच्या हातात मिनिटंच होती. डॉक्टर वरच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिझरमध्ये गुंतले होते. तुम्ही मावशींना त्यांच्याकडे पिटाळलंत आणि माझ्या पोटावर हात दाबून पिशवी चोळायला लागलात. दुखत होतं, मी हात ढकलला. तुम्ही म्हणालात, "दुखतंय, माहितीये मला. पण हा हात काढला तर रक्त थांबणार नाही. मला शिव्या दे, पण हात काढायला सांगू नकोस." मी पुन्हा ढकलला नाही.

एका हाताने हे चालू असताना तुम्ही सोबतच्या नवख्या सिस्टरकडून एकेक गोष्ट करवून घेत होतात. माझ्या दुसऱ्या हाताला सलाइन, त्यात ऑक्सिटोसिन. लघवीची पिशवी भरलेली असली तर गर्भाशय आवळायला अडथळा होतो, म्हणून नळी. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं इंजेक्शन, जे पहिल्या तीन तासांत आणि जितकं लवकर तितकं चांगलं. जिभेखाली गोळ्या. आवाज कुठेही चढला नाही. सासूबाई थरथरत होत्या, तर त्यांनाही काम दिलंत: "आजी, लेकराला उघड्या अंगाशी धरा, वरून चादर घ्या. तिला ऊब तुमचीच लागणार आता." त्यांचं थरथरणं थांबलं.

मला गुंगी येत होती. तुम्ही विचारलंत काय करतेस, मी म्हटलं शाळेत शिकवते. "मग हजेरी घे वर्गाची. मोठ्यानं." मी दुसरीच्या मुलांची नावं घ्यायला लागले. अडखळले की तुम्ही म्हणायचात, "पुढे? त्याच्यानंतर कोण?" मला वाटलं, तुम्ही माझं मन रमवताय. मी शुद्धीवर आहे का, जीभ जड होतेय का, हे तुम्ही त्या हजेरीवरून तपासत होतात, हे मला नंतर उमगलं.

डॉक्टर आले तेव्हा सगळी तयारी झालेली होती. औषधांनी पुरेसं भागलं नाही, म्हणून त्यांनी कॅथेटरच्या नळीला निरोध बांधून आत बसवला आणि सलाइनने फुगवला. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांची ही युक्ती. महागडं साधन परवडत नाही तिथल्या बायकांसाठी त्यांनी ती शोधली आणि किती देशांत पोहोचली! फुग्याचा दाब आतून बसला आणि रक्त ओसरलं. त्यानंतर मला हुडहुडी भरली. मला वाटलं, संपलं. तुम्ही दोन ब्लँकेटं टाकत म्हणालात, "घाबरू नको, गोळ्यांनीही अशी थंडी वाजते." त्या एका वाक्याने मला किती धीर आला, हे तुम्हाला आजही ठाऊक नसेल.

बाहेर माझे पती भिंतीला टेकून उभे होते. तुम्ही स्वतः जाऊन त्यांना सांगितलंत की रक्त बरंच गेलंय, आता थांबलंय, दोन पिशव्या चढवायच्या आहेत, धोका पूर्ण टळला असं अजून म्हणत नाही. ते म्हणतात, खोटा धीर दिला असता तर मी कोसळलो असतो. उजाडता उजाडता तुम्ही लेकीला माझ्या अंगाशी लावलंत, तिने चीक ओढला. बाळ ओढतं तेव्हा पिशवीही आवळते, हे सांगतानाही तुमचा एक हात माझ्या पोटावर होताच. ड्यूटी आठला संपली होती. नऊ वाजून गेले तरी तुम्ही पुढच्या सिस्टरला माझी सगळी हकीकत समजावून देत होतात.

गावात मी हे सांगते तेव्हा लोक म्हणतात, नशीब तुझं, प्रेमळ सिस्टर मिळाली. मला ते अपुरं वाटतं. नुसत्या प्रेमाने माझं रक्त थांबलं नसतं. आणि नुसती इंजेक्शनं मिळाली असती तर मी जगले असते, पण पुन्हा कधी दवाखान्याची पायरी चढले नसते. तुमच्याकडे या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. मला विचारणं, सांगणं, बोलतं ठेवणं हाही उपचारच होता आणि तो तुम्ही शिकून, सराव करून, मनापासून देत होतात.

त्या रात्री लेबर रूम आणि शेजारचा वॉर्ड मिळून तुम्ही दोघीच होतात, त्यातली एक नवखी. २०१८-२०च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू झाले, देशात ९७. आपला आकडा कमी आहे याचं श्रेय घेताना अशा रात्रपाळ्यांची आठवण कुणी काढत नाही. लातूरकडचं घर, स्वतःची मुलं मागे ठेवून तुम्ही इथे आलात. मला राग येतो तो याचा, की इतकं जाणणाऱ्या बाईला आपण दोन माणसांचं काम एकटीने करायला लावतो.

म्हणून हेच पत्र, तुमच्या नावासह, मी जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवलं आहे. दोन मागण्या केल्या आहेत. तुमच्या त्या रात्रीच्या कामाची नोंद सेवापुस्तकात व्हावी, आणि लेबर रूमला रात्री आणखी एक अनुभवी अधिपरिचारिका मिळावी. सासूबाईंनी त्यावर सही केली आहे, आशाताईंनीही. बारशाला तुम्हाला रजा मिळाली नाही. लेकीच्या पुढच्या लसीला येऊ तेव्हा तुमची पाळी कोणती आहे ते विचारून येईन. सासूबाई नाचणीचे लाडू करून ठेवणार आहेत, ते घ्यावेच लागतील.

तुमची,
दुसरीच्या वर्गाच्या बाई