दुखणे मूत्राशयाचे, बिघाड निरोपांचा

संपादक महोदय,

मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू व मज्जारज्जूचा आजार म्हटला की चालताना तोल जाणे, हातापायांतली ताकद कमी होणे एवढेच लोकांना आठवते. लघवीवरचा ताबा सुटणे मात्र रुग्ण डॉक्टरांपासूनही लपवतात. खरे तर मूत्राशय भरल्याची खबर मज्जारज्जूतून मेंदूत जाते. ‘आत्ता नको’ हे कपाळामागचा भाग ठरवतो, मोकळीक मेंदूच्या खोडातून मिळते. या आजारात मज्जातंतूंवरचे मायलिनचे संरक्षक आवरण झिजले की हे निरोप अडखळतात. मग कधी घाई आवरत नाही, कधी लघवी अडते. एकाच माणसाला दोन्ही! फंक्शनल एमआरआय या मेंदूचे काम दाखवणाऱ्या तपासणीत मूत्राशय भरताना मेंदूची हालचाल टिपता येते. यात लाजण्यासारखे काय? लघवीच्या भीतीने पाणी पिणे कमी केल्याने उलट संसर्गाचा धोका वाढतो. औषधे, मूत्राशयाचा स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शने, कॅथेटर (लघवी काढण्याची नळी) असे उपाय आहेत, पण आधी डॉक्टरांना सांगायला हवे.

– एक वाचक